पलंगाखालच्या दहा विटा

ज्यांना फुप्फुसाचा कायमचा आजार आहे आणि ज्यांना दर रविवारी कोणीतरी नवा घरगुती उपाय सांगून जातं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उपाय सांगणाऱ्यांसाठी नाही. त्यांना वाचायची सवय नसते, फक्त सांगायची असते.

माझं नाव वसंत. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं तपासनीस होतो. पंपांचे सुटे भाग मोजायचे, मापात बसले तर पुढे पाठवायचे, नाही बसले तर भंगारात टाकायचे, एवढंच काम. त्यामुळे कोणी "बराच फरक पडतो हो" म्हणालं की माझ्या तोंडून लगेच निघतं, "किती?" या प्रश्नाने मी बरीच माणसं तोडली. त्यांतल्या फार थोड्यांची मला आठवण येते.

टीबी नाही ना?

सहाव्या वर्षी मला डांग्या खोकला झाला होता. त्यानंतर छाती कधी कोरडी राहिलीच नाही. इकडे आल्यावर दर हिवाळ्यात जीपी, म्हणजे आमचा नेहमीचा डॉक्टर, अँटिबायोटिक लिहून द्यायचा आणि कार्डावर "सिगारेटचा खोकला" अशी नोंद करायचा. मी आयुष्यात एक सिगारेट ओढलेली नाही. हे मी त्याला सात वेळा सांगितलं. आठव्या वेळी कफात रक्त आलं, तेव्हा कुठे त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मग हॉस्पिटल, एक्स-रे, स्कॅन. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. निदानाच्या दिवशी मी आणि माझी बायको शैला कन्सल्टंटसमोर बसलो होतो. त्याने एका फॉर्मच्या पाठीमागे झाड काढलं आणि खालच्या दोन फांद्या जाड केल्या. आजाराचं नाव ब्रॉन्किएक्टेसिस. श्वासनळ्यांच्या काही फांद्या कायमच्या सैल आणि रुंद झालेल्या. निरोगी माणसाच्या छातीतला कफ आपोआप वर सरकतो. माझा तिथेच साचतो, साचला की कुजतो, आणि कुजला की नळी आणखी सैल होते. हे बरं होणार नाही, असं तो स्पष्ट म्हणाला. फक्त वाढू न देणं आपल्या हातात आहे.

शैलाने एकच प्रश्न विचारला, "टीबी नाही ना?"

"नाही. नक्कीच नाही."

शैलाचा चेहरा उजळला. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि तीनदा "थँक यू" म्हणाली. तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघू लागला. त्याला वाटलं, बाईंना काही कळलेलं नाही. बाईंना सगळं कळलं होतं. कार पार्कमध्ये ती मला म्हणाली, "अहो, हे फार चांगलं झालं. नाव इतकं अवघड आहे की कोणाला विचारताच येणार नाही. कोणाला सांगायचंच नाही. मेधाचं लग्न व्हायचंय."

मेधा आमची एकुलती मुलगी. तेव्हा ती लीड्सला युनिव्हर्सिटीत शिकत होती. मी शैलाला हो म्हटलं. तिच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. मी स्वतः हो म्हटलं. इथपर्यंतची सगळी मापं बरोबर होती. चूक इथून सुरू झाली.

विटा

हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट मॉरीन. मनगटं सुताराची आणि बोलणंही तसंच. ती म्हणाली, "सॉसची बाटली उलटी केल्याशिवाय सॉस येतो का? मग तुमची छाती काय वेगळी आहे?"

पलंगाची पायाकडची बाजू उंच करायची, डोकं खाली करून कुशीवर पडायचं, आणि दुसऱ्याने हाताचा खोलगट वाडगा करून फासळ्यांवर थापटायचं. मग आरशावर वाफ धरायला आपण सोडतो तसा श्वास जोरात सोडायचा. वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. कफ पृथ्वीच्या ओढीने खाली, म्हणजे तोंडाकडे येतो. औषध नाही, यंत्र नाही. याहून नैसर्गिक उपाय मला तरी माहीत नाही. पण तो पुडीत बांधून मिळत नाही आणि हिमालयातून आलेला नाही, म्हणून आमच्या लोकांच्या लेखी तो उपायच नव्हे.

घरात वरच्या छोट्या खोलीत, बॉक्सरूममध्ये, पाहुण्यांसाठी एक पलंग होता. त्याच्या पायांखाली मी पाच-पाच विटा रचल्या, म्हणजे एकूण दहा. एक वीट पासष्ट मिलिमीटर, त्यामुळे उंची सव्वातीनशे मिलिमीटर. पाय घसरू नयेत म्हणून वर खाच पाडलेली फळी. काम चोख होतं.

शैलाने पहिल्या दिवशी हात उचलायला नकार दिला. "नवऱ्याला मारायचं? माझ्या आईला कळलं तर?" आठवड्याभरात तिला हात बसला. "बरं आहे," ती म्हणायची, "बावीस वर्षांची थकबाकी फिटतेय." भिंतीपलीकडच्या मिसेस हार्परनी कुंपणावरून विचारलं की सकाळ-संध्याकाळ ढोल वाजतो तो कसला. शैला म्हणाली, भजनाची प्रॅक्टिस. मिसेस हार्पर म्हणाल्या, ताल छान आहे.

मी वही सुरू केली. तीन रकाने: तारीख, कप, फुंकर. कप म्हणजे दिवसभरात पडलेला कफ. हॉस्पिटलच्या खुणा असलेल्या डबीत मोजून. किळस येत असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा, पण आजार सोडणार नाही. माझी सरासरी साठ मिलिलिटर. फुंकर म्हणजे पीक फ्लो मीटर नावाच्या नळीत जोरात फुंकायचं आणि काटा कुठे थांबतो ते लिहायचं. माझा काटा तीनशे वीसवर थांबायचा. माझ्या वयाच्या निरोगी माणसाच्या मानाने फार कमी, पण माझे होते ते, आणि दोन वर्षं टिकून होते.

उपायवाले

कोणाला सांगायचं नाही असं ठरलं तरी खोकला ऐकू जातोच. मग "जुनी सर्दी" असं सांगायचं. जुन्या सर्दीवर महाराष्ट्रात जेवढे उपाय आहेत ते सगळे आमच्या फ्रंट रूममध्ये येऊन गेले.

त्यांचे मुख्य पुरवठादार शैलाचे थोरले भाऊ, अण्णा. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटर कंपनीत. दिवसभर आकड्यांत काम करणारा हा माणूस दारातून आत आला की आकडे कोटाबरोबर खुंटीला टांगायचा.

"वसंतराव, सितोपलादी. मधातून. महिन्यात खोकला गायब."

"कोणाचा गेला?"

"आमच्या ऑफिसातल्या देशपांड्यांच्या सासऱ्यांचा."

"त्यांना काय होतं?"

"खोकला होता."

"कशाचा?"

"तुमचं हेच वाईट. घ्यायच्या आधीच शंका. श्रद्धा नको?"

"पावडरीला कशाला लागते श्रद्धा?"

तरीही मी प्रत्येक उपाय इमानाने तपासला. चौदा दिवस एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच, कारखान्यातला नियम. हळद-दूध: कप साठ, फुंकर तीनशे वीस. शिवाय वजन एक किलो वर. अडुळशाचा काढा: कप साठ, तोंड कडू. आल्याचा रस: कप साठ. गरम पाण्याची वाफ, थापटण्याच्या आधी दहा मिनिटं: कफ पातळ होतो, वीस मिनिटांचं काम पंधरात होतं. हा फरक खरा, मी लिहून ठेवला. भरपूर पाणी पिणं आणि रोज दोन मैल चालणं, हेही खरं. ओव्याची धुरी: चौथ्या दिवशी फुंकर दोनशे नव्वद. बंद. आजारी फुप्फुसात धूर कोंडून त्याला उपचार म्हणणाऱ्या माणसाला मी नम्रपणे मूर्ख म्हणतो.

इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एकदा कोणी योगी आले होते. फुप्फुसात दुःख साठतं, असं ते म्हणाले. मी विचारलं, किती मिलिलिटर? पुढच्या कार्यक्रमाचं पत्रक आम्हाला आलं नाही.

"पण वसंतराव, नॅचरल आहे, अपाय तर नाही ना?" हे अण्णांचं शेवटचं अस्त्र. डांग्या खोकलाही नॅचरलच होता.

एवढं सगळं मला कळत होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना मला स्वतःविषयी अण्णांपेक्षा जास्त तिरस्कार वाटतो.

पाहुणे येणार

मेधाने लीड्सला स्वतःच जमवलं. मुलाचं नाव समीर देवस्थळी. वडील तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. मुलं एकमेकांना दोन वर्षं ओळखत होती; आता आईवडिलांनी रीतसर भेटायचं होतं. देवस्थळींचा फोन आला: सहा आठवड्यांनी शनिवारी येतो, रात्री राहतो, रविवारी बोलून परत जातो.

राहतो. म्हणजे बॉक्सरूममध्ये. म्हणजे त्या पलंगावर.

दुसऱ्याच शनिवारी अण्णा नवा वॉलपेपर घेऊन हजर झाले. शैलाने नवी गादी आणली. विटा मी स्वतः, एका खेपेत दोन, अशा पाच खेपांत बागेतल्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या.

मी म्हणालो, "सहा आठवडे आधी कशाला? आदल्या दिवशी काढू."

"आणि कार्पेटवरचे खड्डे?" शैला म्हणाली. "विटांचे खड्डे भरून यायला वेळ लागतो. ते डॉक्टर आहेत. बघताक्षणी विचारतील."

"मग आपल्या पलंगाला लावू."

"चार विटांच्या वर तो हलतो, तुम्हीच मोजलंयत. आणि कोणी आधी डोकावलं तर? सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे हो. पोरीचं ठरू दे."

अण्णांनी दोन वस्तू आणल्या. एक, खास पुण्याहून मागवलेलं चूर्ण. दुसरी, केमिस्टकडची खोकला दाबणारी बाटली. "पाहुण्यांसमोर खोकू नका म्हणजे झालं. आतापासून सवय करा."

म्हणजे एकाच आठवड्यात मी तीन गोष्टी बदलल्या: थापटणं बंद, चूर्ण सुरू, बाटली सुरू. कारखान्यात एखाद्या शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर तिला मी घरी पाठवलं असतं.

वही मात्र चालू होती. पहिल्या आठवड्यात कप पंचेचाळीस. तिसऱ्यात तीस. सहाव्यात पंधरा.

अण्णा वही हातात घेऊन नाचले. "साठाचे पंधरा! पंचाहत्तर टक्के, वसंतराव! आकडा पाहिजे होता ना? घ्या आकडा! आता म्हणा, मूर्ख कोण?"

आकडा आकडा असतो. आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. दोन वर्षं उलटं टांगून घेतल्यावर चिमूटभर पावडरीने सुटका होत असेल तर कोणाला नको? फुंकरीच्या रकान्यात तीनशे दहा, तीनशे, दोनशे नव्वद, दोनशे सत्तर असं उतरत चाललं होतं. तेही मी स्वच्छ अक्षरात लिहीत होतो. समोर कंसात कारण लिहीत होतो: वॉलपेपरची धूळ.

चौदापैकी नववी पायरी

शनिवारी चार वाजता देवस्थळी मंडळी आली. डॉक्टर ठेंगणे, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नी हसऱ्या. समीर दारातच "हॅलो काका" म्हणून शैलाच्या पाया पडला. मेधा आदल्या रात्रीच आली होती. बटाटेवडे झाले, शिरा झाला. सकाळपासून मी बाटलीतले तीन चमचे घेतले होते. दीड तासात एकदाही खोकलो नाही. शैला माझ्याकडे असं बघत होती जणू मी परीक्षेत पहिला आलो आहे. अंगात ताप होता, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

मग मी डॉक्टरांची बॅग उचलली. "चला, तुमची खोली दाखवतो." मुलीच्या बापाने व्याह्याची बॅग उचलायची नाही तर कोणी?

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. नवव्या पायरीवर श्वास संपला. कमी पडला असं नाही, संपला. मी कठडा धरला. मागून डॉक्टर म्हणाले, "वसंतराव, बॅग ठेवा. बसा इथेच."

त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला, मग एका हाताच्या बोटावर दुसऱ्या हाताचं बोट आपटत पाठ वाजवत खाली आले. वर आवाज पोकळ. खाली आल्यावर भरलेल्या पिंपासारखा, ठप्प.

खालून अण्णा ओरडले, "थोडी सर्दी आहे, डॉक्टर! वॉलपेपर लावताना धूळ गेली!"

"आपण कोण?"

"मी मेधाचा मामा."

"मग तुम्ही वडे खा," डॉक्टर म्हणाले.

मेधा जिन्याशी येऊन उभी राहिली होती. ती इथेच जन्मलेली. तिचं मराठी रडायला आलं की आणखीच घसरतं. "बाबा, स्टॉप इट ना. काका, त्याला... त्यांना ब्रॉन्किएक्टेसिस आहे. तुम्हाला माहीत आहे ना? समीरला मी पहिल्याच टर्ममध्ये सांगितली होती, सगळी गोष्ट."

शैलाच्या हातात चहाचा ट्रे होता. "माहीत आहे?" ती म्हणाली. "तुम्हाला?"

"अहो, दोन वर्षं होत आली," देवस्थळीबाई म्हणाल्या. "आम्ही म्हटलं, त्यांचं ते सांगतील. आपण कशाला विचारायचं?"

डॉक्टरांनी मला विचारलं, "डोकं खाली करून थापटून घेणं शेवटचं कधी केलंत?"

"सहा आठवड्यांपूर्वी."

"बंद का केलंत?"

मला बोलायला हवा नव्हती. शैला म्हणाली, "तुम्ही येणार होतात ना."

डॉक्टरांनी माझी नाडी धरली. मग म्हणाले, "आम्ही येणार म्हणून ह्यांचा श्वास बंद केलात?"

वॉर्ड

न्यूमोनिया, दोन्ही बाजूंना. एकोणीस दिवस. कॅज्युअल्टीत फुंकर एकशे सत्तर. मी हट्टाने वही मागवली. डॉक्टर देवस्थळी माझ्या ट्रॉलीशेजारी बसून ती वाचत होते. दोन्ही रकान्यांवरून त्यांनी बोट खाली नेलं.

"कफ कमी होत होता आणि फुंकरही कमी होत होती. तुम्ही इन्स्पेक्टर ना?"

भंगाराचा डबा रिकामा दिसला तर त्याचे दोन अर्थ होतात: मशीन उत्तम चाललं आहे, नाही तर बंद पडलं आहे. हे मी बावीस वर्षं नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवत आलो. कप रिकामा होता कारण कफ बाहेर येत नव्हता. आत साचत होता, आणि मी समोर कंसात "धूळ" लिहीत होतो.

तिसऱ्या दिवसाबद्दल लिहायला हवं. मी मिनिटाला चौतीस श्वास घेत होतो. मोजत होतो, कारण मोजणं थांबवलं तर काय होईल याची भीती होती. तोवर मला वाटायचं की भीती मनात असते. ती फासळ्यांच्या मधल्या मांसात असते. शैला शेजारी बसून माझा हात धरून होती आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. अखेर ती म्हणाली, "मी मारलं असतं तुम्हाला." मी तीन शब्द, मध्ये श्वास घेऊन, म्हणालो, "विटा... मी नेल्या."

वॉर्डचा दिवस सहाला सुरू व्हायचा: थर्मामीटर, शिरेतून औषध, डबीवर नावाची चिठ्ठी. जेवणात शाकाहारी म्हणून रोज उकडलेला बटाटा आणि किसलेलं चीज. एकोणीस दिवसांत सतरा वेळा. चालायला लागलो तेव्हा सिस्टर म्हणाली, डे-रूममध्ये जाऊन बसा, बरं वाटेल. छातीच्या रोग्यांच्या वॉर्डची ती डे-रूम सिगारेटच्या धुराने इतकी भरली होती की समोरचा टीव्ही दिसत नव्हता. ओव्याच्या धुरीचा मक्ता फक्त आमच्याकडेच आहे हा माझा गैरसमज दूर झाला. मूर्खपणाला पासपोर्ट लागत नाही.

मॉरीन पहिल्या सकाळी पलंगाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "विटा कुठे आहेत?"

"शेडमध्ये."

"आणि छाती?" एवढं म्हणून तिने पलंगाचा खटका ओढला आणि माझं डोकं खाली गेलं. त्या दिवशी कप एकशे चाळीस भरला. वास असा की समोरच्याने पडदा ओढून घेतला. मला मात्र आयुष्यात कुठल्याही आकड्याने इतका आनंद दिलेला नाही.

रविवारी मॉरीन यायची नाही. पुढच्या रविवारी डॉक्टर देवस्थळी लीड्सहून गाडी चालवत आले, कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि सिस्टरची परवानगी घेऊन मला थापटायला लागले. भूल देणाऱ्याचे हात इतके जड असतील असं वाटलं नव्हतं.

तोंड उशीत असताना मी म्हणालो, "अजून लग्न ठरलं नाही, आणि मुलाकडच्यांनी मारायला सुरुवात केली."

"ठरलं ते. तुम्ही नवव्या पायरीवर होतात तेव्हाच ठरलं. बोलू नका, खोका."

हिशेब

लग्न पुढच्या उन्हाळ्यात स्लाऊलाच झालं. घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि बॉक्सरूममधला पलंग दहा विटांवर होता. रोज संध्याकाळी सहाला शैला भर गर्दीत जाहीर करायची, "व्हा बाजूला, ह्यांची थापटायची वेळ झाली." पहिल्या दिवशी दार लावलं. तिसऱ्या दिवशी मुलं दारात उभी राहून मोजत होती. मिसेस हार्परना आहेराबरोबर खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, भजन नव्हतं ते त्यांना केव्हाच कळलं होतं, भजनात कोणी इतकं खोकत नाही.

अण्णांना झोपायला तोच पलंग मिळाला. विटा काढणार नाही, असं शैलाने त्यांना सांगितलं. भावाला ती तसं म्हणाली हे मी कानांनी ऐकलं, म्हणून लिहितो. ते उलट्या बाजूला डोकं करून झोपले. सकाळी म्हणाले, मान आखडली, घसरत होतो. मी त्यांना हळद-दूध सुचवलं.

आता नैसर्गिक उपायांविषयी माझा शेवटचा निवाडा. वाफ घ्या, पाणी प्या, चाला. ज्याचा श्वास रोज तपासून घेणारा कोणी जाणकार आहे त्याने श्वासाचे व्यायामही करावेत. मध आवडत असेल तर खा, मध आहे म्हणून खा. डॉक्टरने दिलेलं औषध यातल्या कशासाठीही बंद करू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कोणी चूर्ण दिलं तर विचारा: किती, कोणाला, कशाचा. उत्तर आलं नाही तर चहा द्या आणि वाटेला लावा. बाहेर पडणारा कफ कमी झाला आणि दमही कमी झाला, तर ती सुधारणा नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरला गाठा.

वही अजून चालू आहे. कप साठ. रकाना स्थिर आहे, औषध आहे, शैलाचा हात आहे. फुंकर दोनशे ऐंशी. त्या सहा आठवड्यांपूर्वी तीनशे वीस होती. ती परत चढेल म्हणून मी पहिली दोन वर्षं रोज सकाळी जोर लावून फुंकायचो. कन्सल्टंटला विचारलं. त्याने ते जुनं झाड पुन्हा काढलं आणि या वेळी तिसरी फांदीही जाड केली.

चाळीस गेले. पोरीच्या लग्नासाठी नाही गेले. लग्न कशानेही अडलं नव्हतं. ज्यांना दोन वर्षं सगळं ठाऊक होतं त्यांच्यापासून ते लपवण्यात गेले. त्यांच्या पाठीखाली एक रात्र सपाट गादी असावी म्हणून गेले, आणि त्या रात्री ती गादी रिकामीच होती. सगळे हॉस्पिटलात होते.

तुमच्याकडे पाहुणे येणार असतील तर त्यांना खाली जमिनीवर झोपवा. विटा काढू नका.